भंगार, काटा आणि पत : कोल्हापुरातील एका दुर्लक्षित व्यवसायाचा विचार

आपल्या समाजात व्यापाराची परंपरा मोठी आहे. कापड, किराणा, धान्य, सोने-चांदी, औषधे या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या बसणारी घरे कोल्हापूर, जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात गावोगावी आढळतात. मात्र घरातील एखाद्या मुलाने 'मी भंगाराच्या वाहतुकीचा व्यवसाय करतो' असे सांगितले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. हा धंदा मळका, त्यात माणसे कशीही, व्यवहार रोखीचा आणि पोलिसांचा ससेमिरा, अशी एक समजूत घट्ट रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे पाहण्यात आयुष्याचा मोठा भाग गेल्यावर माझे असे मत झाले आहे की, हा व्यवसाय वाईट नसून तो बहुतेकदा हिशेबाशिवाय केला जातो, हे त्याच्या बदनामीचे खरे कारण आहे. हिशेब हे तर आपल्या घराण्यांचे बलस्थान. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे मांडत आहे.

कोल्हापूर आणि जुने लोखंड

कोल्हापूर हे ओतकामाचे शहर आहे. शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवार नगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत येथील लहानमोठ्या फाउंड्रींतून वाहनांचे, पंपांचे, इंजिनांचे आणि ट्रॅक्टरचे बिडाचे भाग देशभर व परदेशांतही जातात. या भट्ट्यांना कच्चा माल लागतो तो केवळ खाणीतून आलेल्या लोखंडाचा नव्हे. कुपोला भट्टीत पिग आयर्नबरोबर जुने बीड पडते, तर विजेच्या इंडक्शन भट्टीत पोलादी भंगार मोठ्या प्रमाणात वितळवून त्यात कार्बन व सिलिकॉन यांची भर घातली जाते. म्हणजेच आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, तो या शहराच्या मुख्य उद्योगाचा शिधा आहे.

हे नाते आजचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या, अशी आठवण कोल्हापूरकर आजही अभिमानाने सांगतात. तोफेचा नांगर होणे याहून भंगाराचे अधिक उदात्त रूपांतर कोणते असेल? अलीकडच्या काळातील उदाहरण द्यायचे तर वेदांत समूहाचे अनिल अगरवाल यांनी १९७० च्या दशकात मुंबईत भंगार धातूच्या व्यापारापासूनच सुरुवात केली होती. प्रत्येक टेम्पोवाला उद्योगपती होत नाही, हे खरे. पण मार्ग बंद नाही, एवढे यावरून दिसते.

माल कोठून येतो?

आपल्या भागात मालाचे चार प्रमुख स्रोत आहेत. पहिला, यंत्रशाळांतील टर्निंग, बोरिंगचा चुरा आणि पत्र्याचे कटिंग. हा माल नियमित मिळतो व त्याची जात ठाऊक असते. दुसरा, जुनी यंत्रसामग्री. इचलकरंजीतील जुने साधे यंत्रमाग मोडीत निघू लागले, त्यांचे बिडाचे सांगाडे हा ओतकामासाठी चांगला माल ठरला. तिसरा, साखर कारखाने. गळीत हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या काळात झिजलेले रोलर, पाइप, साखळ्या बाहेर पडतात व त्यांची निविदेने विक्री होते. चौथा, गल्लोगल्ली फिरून घरगुती मोड गोळा करणारे फेरीवाले. नवीन माणसाने या चौथ्या स्रोतापासून सुरुवात करावी आणि पहिल्याकडे सरकत जावे, हा स्वाभाविक क्रम होय.

माल ओळखणे हीच येथील खरी विद्या. बीड आणि पोलाद डोळ्यांना सारखे दिसले तरी सहाणेवर धरताच त्यांचा स्वभाव उघड होतो : बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस, तर सौम्य पोलादाच्या लांब व पिवळसर पांढऱ्या. स्टेनलेस स्टीलचे अनेक प्रकार चुंबकाला चिकटत नाहीत. असा क्रोमियमयुक्त तुकडा चुकून बिडाच्या भट्टीत गेला, तर ओतीव भाग नको तेथे कठीण होतो व यंत्रावर हत्यारे मोडतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीत धूर करतो. तेलकट, ओला चुरा इंडक्शन भट्टीत पडल्यास स्फोटाचा धोका असतो. म्हणून मालाची निवड करून देणारा माणूस फाउंड्रीला हवा असतो आणि त्याला किलोमागे अधिक भाव मिळतो.

एका फेरीचा हिशेब

आता मूळ मुद्दा, आकड्यांचा. पुढील दर केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे त्या दिवसाचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत.

समजा, 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान वाहनातून दिवसाला ७०० किलो माल वाहिला. खरेदी ३० रुपये, विक्री ३३ रुपये किलो. म्हणजे ढोबळ नफा २,१०० रुपये. खर्च असा : डिझेल ३६० रुपये, चालकाची मजुरी ७००, कर्जाच्या हप्त्याचा रोजचा वाटा ४८०, टायर-विमा-दुरुस्ती २५० आणि काट्याचे शुल्क ६० रुपये. एकूण १,८५० रुपये. हाती उरतात २५० रुपये.

या छोट्या मांडणीतून तीन गोष्टी कळतात. एक, खर्च भरून निघण्यासाठी किमान ६१७ किलो माल गाडीत हवा. अर्धी गाडी भरून धावणे म्हणजे डिझेल जाळून तोटा विकत घेणे. दोन, फाउंड्रीने माती, गंज आणि रबरापोटी केवळ पाच टक्के घट कापली, तर ३५ किलोचे १,१५५ रुपये गेले व २५० च्या नफ्याऐवजी ९०५ रुपयांचा तोटा पदरी पडला. तीन, हाच माल निवडून, स्वच्छ करून किलोमागे एक रुपया अधिक मिळवला, तर २५० चे ९५० होतात. नफा गाडीच्या चाकांत नसून निवडणाऱ्या हातांत आहे, तो असा.

मोह होतो तो गाडीत जादा माल भरण्याचा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये त्यावर पडतात. वरच्या हिशेबात तो साडेनऊ फेऱ्यांचा ढोबळ नफा आहे. ब्रेक न लागल्याने होणाऱ्या अपघाताची किंमत तर कोणत्याच खतावणीत मांडता येत नाही. एकूण ३,००० किलोपर्यंत भाराच्या मालवाहनाला परमिट लागत नाही, ही सवलत नवोदितांना उपयोगी आहे. तथापि विमा, योग्यता प्रमाणपत्र व प्रदूषण प्रमाणपत्र यांना पर्याय नाही.

गाडीहून मोठी गुंतवणूक

नवीन माणूस बँकेत येतो तो गाडीचे कर्ज मागण्यासाठी. त्याला खरी गरज असते ती खेळत्या भांडवलाची, आणि ती त्याच्या लक्षात आलेली नसते. फेरीवाल्याला पैसे जागेवर द्यावे लागतात, फाउंड्री मात्र बहुधा उधारीवर घेते. रोजची खरेदी २१,००० रुपये, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५,२५,००० रुपये. देयक ४५ दिवसांनी मिळत असेल, तर जवळजवळ ७,८७,५०० रुपये बाजारात अडकून पडतात. अनेकदा हा आकडा गाडीच्या किमतीहूनही मोठा असतो. या व्यवसायातील बरीच माणसे तोट्याने नव्हे, तर उधारीने बुडतात.

बँका लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलाचा अंदाज नायक समितीच्या पद्धतीने करतात : अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज, त्यापैकी २० टक्के बँकेचे व ५ टक्के स्वतःचे. आपल्या उदाहरणातील वार्षिक विक्री ६९,३०,००० रुपये होते. त्यानुसार बँकेची मर्यादा सुमारे १३,८६,००० रुपये आणि स्वतःचा वाटा ३,४६,५०० रुपये येतो. मुद्रा योजनेत 'तरुण' गटासाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि ते कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना 'तरुण प्लस'मध्ये २० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. त्यासाठी अधिकारी काय पाहतो? घराण्याचे नाव नव्हे, तर खात्यातून झालेली उलाढाल, विवरणपत्रे आणि मालसाठ्याचे खरे पत्रक. रोखीत केलेला लाखाचा व्यवहार बँकेच्या दृष्टीने झालेलाच नसतो.

उधारीविषयी आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. परंतु व्यापाऱ्यांना २०२१ पासून मिळालेली उद्यम नोंदणी ही अग्रक्रमाच्या कर्जापुरती मर्यादित आहे. तेव्हा भंगाराच्या खरेदी-विक्रीत या संरक्षणावर विसंबू नये. कारखान्याचा माल केवळ भाड्याने वाहून दिला, तर ती सेवा ठरते. म्हणून वाहतुकीची देयके व मालविक्रीची देयके आरंभापासून निराळी ठेवावीत.

कराचे नवे नियम

धातूच्या भंगारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. मालविक्रीची उलाढाल ४० लाखांच्या पुढे गेली की आपल्या राज्यात नोंदणी अनिवार्य होते. वरील उदाहरणातील एकच गाडी ती मर्यादा वर्षात ओलांडते. १० ऑक्टोबर २०२४ पासून दोन महत्त्वाचे बदल झाले. नोंदणीकृत व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले, तर त्यावरील कर खरेदीदारानेच सरकारजमा करायचा आणि मग त्याची वजावट घ्यायची. तसेच नोंदणीकृत खरेदीदाराने नोंदणीकृत विक्रेत्याला, करार अडीच लाखांवरील असल्यास, देयकातून २ टक्के कपात करायची.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. महिन्याच्या ५,२५,००० रुपयांच्या खरेदीवर ९४,५०० रुपये कर रोखीने भरावा लागेल. वजावट मिळते हे खरे, परंतु फाउंड्रीकडून करासह देयक येईपर्यंत ही रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. ५,७७,५०० रुपयांच्या विक्रीवर ११,५५० रुपये कापले जातील. तेही आपल्या खाती जमा होतात, पण तत्काळ हाती येत नाहीत. मालाबरोबर ई-वे बिल हवे. महाराष्ट्रांतर्गत ती मर्यादा एक लाख रुपये आहे, मात्र कागल ओलांडून निपाणीला माल गेला की तो आंतरराज्य व्यवहार होतो व मर्यादा ५० हजारांवर येते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

या बाजारात खोट्या बिलांचा रोगही आहे. माल एकाचा, बिल दुसऱ्याचे आणि कर कोणीच भरलेला नाही. पुढच्याने कर न भरल्यास घेतलेली वजावट व्याजासह परत करण्याची वेळ आपल्यावर येते. स्वस्त बिलाएवढी महाग वस्तू दुसरी नाही.

श्रावकाचा काटा

येथे आपल्या परंपरेचे स्मरण करणे औचित्याचे ठरेल. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, मापांत कमी-अधिक करणे आणि चांगल्यात हलके मिसळून विकणे यांचा समावेश आहे. वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. भंगाराच्या धंद्यावर आज जे जे आक्षेप घेतले जातात, ते जणू ही यादी पाहूनच घेतलेले आहेत.

चोरीचा माल : विजेच्या तारा, गटारांची झाकणे, शेतातील मोटारी, रेल्वेचे साहित्य स्वस्तात दारी येते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे आणि रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, मालाचे छायाचित्र आणि दिनांक यांची नोंदवही ठेवावी व रक्कम शक्यतो खात्यावर द्यावी. बाजारभावाच्या निम्म्याने कोणी तांबे विकत असेल, तर तो आपल्यावर उपकार करीत नाही.

माप : काट्याची वैध मापन शास्त्र विभागाकडून वेळच्या वेळी पडताळणी करून घ्यावी आणि आकडा फेरीवाल्यासही दिसेल असा ठेवावा. दिवसभर उन्हात फिरून वीस किलो मोड आणणाऱ्याचे अर्धा किलो मारून कोणाची पेढी मोठी होत नाही. उलट खरा काटा असल्याची वार्ता फेरीवाल्यांत झपाट्याने पसरते आणि माल आपोआप त्या दाराकडे वळतो. या धंद्यात प्रामाणिकपणा हे जाहिरातीचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

काही ज्येष्ठ आणखी एक शंका काढतात. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत भट्टीशी निगडित अंगारकर्म आणि गाडीभाड्याचे भाटककर्म येते, मग हा धंदा करावा काय? याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या गुरुजनांना विचारून घ्यावा. तो अधिकार माझा नव्हे. एवढेच नोंदवतो की, जागतिक पोलाद संघटनेच्या माहितीनुसार एक टन पोलादी भंगार पुन्हा वापरल्यास सुमारे १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते. तेवढी भूमी खणली जात नाही. अहिंसेचा विचार करताना ही बाजूही तराजूत घालावी.

जीव सर्वांत मोलाचा

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने उपकरण फोडले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. एका कामगाराचा मृत्यू झाला व अनेकांना गंभीर इजा झाली. रुग्णालये, प्रयोगशाळा यांच्याकडील अनोळखी, जड, शिशाने मढवलेली वस्तू कितीही किफायतशीर वाटली तरी फोडू नये. त्याचप्रमाणे बंद सिलिंडर, शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप भट्टीत गेल्यास स्फोट होतो. तो बाजूला काढणे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे. जुन्या बॅटऱ्या, ई-कचरा आणि आयुष्य संपलेली वाहने यांसाठी स्वतंत्र नियम व नोंदणीकृत केंद्रे आहेत. त्या वाटेला परवान्याशिवाय जाऊ नये.

कामगारांना जाड हातमोजे, बूट, चष्मा आणि धनुर्वाताची लस द्यावी. अल्पवयीन मुलांना या कामावर ठेवू नये. कायद्याचे भय म्हणून नव्हे, तर त्याच वयाची मुले आपल्या घरीही आहेत म्हणून.

वाढ कशी व्हावी?

पहिली पायरी म्हणजे एक गाडी व चार-पाच नियमित यंत्रशाळा. दुसरी, शहराबाहेर भाड्याची जागा व स्वतःचा काटा, म्हणजे माल निवडण्यास अवधी मिळतो. तिसरी, पत्र्याचे गठ्ठे बांधणारे हायड्रॉलिक यंत्र. विस्कळीत पत्रा गाडीची जागा खातो, गठ्ठा मात्र पूर्ण भार देतो व भट्टीलाही सोयीचा पडतो. चौथी, कारखान्यांचे वार्षिक करार व सरकारी लिलाव. १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत अनेक सरकारी संस्थांच्या भंगाराचे ऑनलाइन लिलाव होतात. त्यात अनामत रक्कम आणि ठरावीक मुदतीत माल उचलण्याची क्षमता लागते.

एक पथ्य मात्र प्रत्येक पायरीवर पाळावे. भाव चढेल या आशेने माल साठवून ठेवू नये. २००८ च्या जागतिक अरिष्टात धातूंचे भाव काही आठवड्यांत कोसळले आणि कर्जावर साठा करणाऱ्यांची पत साठ्याबरोबरच घसरली. आपला नफा माल फिरवण्यात आहे, भाव हेरण्यात नाही. तसेच एकाच फाउंड्रीकडे एकूण उधारीच्या एक-तृतीयांशाहून अधिक रक्कम अडकू देऊ नये, असा दंडक मी सुचवेन.

ज्या घरात एखादा तरुण या व्यवसायाचा विचार करीत असेल, त्याने गाडी घेण्यापूर्वी महिनाभर एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याच्या काट्यावर उभे राहावे. सकाळी आलेला माल, कापलेली घट, संध्याकाळचा भाव आणि देयक मिळण्यास लागलेले दिवस या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. महिनाअखेरीस त्या वहीसह घरातील सर्वांनी, जमाखर्च सांभाळू शकणाऱ्या लेकीसुनांनीही, एकत्र बसून वर दिलेला हिशेब आपल्या आकड्यांनी मांडावा. हिशेब जुळला तर निःसंकोचपणे गाडी घ्यावी. न जुळला तर एका वहीच्या किमतीत काही लाखांचे शहाणपण पदरी पडले असे समजावे.